लोहकणांचे स्मरण आणि विस्मरण

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हीरकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प विज्ञानाचे असावे असा आग्रह समितीने धरला आणि ते गुंफण्याचे काम माझ्याकडे सोपवले, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा ज्या विषयात माझी उमेदीची वर्षे गेली तोच मांडावा असे ठरवले. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांचे चुंबकत्व, हा तो विषय. नाव रुक्ष आहे, पण त्याचा शेवट आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील एका कपाटापाशी होणार आहे, तेव्हा थोडा धीर धरावा ही विनंती.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी दोऱ्याला लोहचुंबक बांधून तो मातीतून फिरवला असेल. माळव्याच्या काळ्या मातीतून किंवा नर्मदेच्या वाळूतून तो फिरवला की त्याला काळ्या कणांची मिशी फुटते. ते कण लोखंडाचे नसतात. ते मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे असतात. म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग. संस्कृतात ज्याला अयस्कांत म्हटले आहे, तो नैसर्गिक लोहचुंबक याच खनिजाचा. आता हाच चुंबक तुळशीवृंदावनाला लावण्याच्या गेरूजवळ न्या. गेरूतही लोखंड आणि ऑक्सिजनच आहे, पण चुंबक त्याची दखलही घेत नाही. गेरूचा रंग ज्या खनिजामुळे येतो ते हेमॅटाइट. या दोघांच्या मध्ये तिसरे एक भावंड आहे, तपकिरी रंगाचे मॅगहेमाइट. त्याचे रासायनिक सूत्र हेमॅटाइटचेच, पण अणूंची मांडणी मॅग्नेटाइटसारखी, आणि म्हणून तेही चुंबकाला धावत जाऊन चिकटते. घटक तेच, बैठक निराळी, आणि वागणूक अगदीच निराळी.

असे का होते, याचे समाधानकारक उत्तर फ्रान्समधील लुई नेएल यांनी १९४८ साली दिले. मॅग्नेटाइटच्या सूत्रात लोहाचे तीन अणू असतात. प्रत्येक अणू स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. आपण रस्सीखेचीची कल्पना करू. एका बाजूला पाच बळाचा एक गडी आहे. दुसऱ्या बाजूला पाच बळाचा एक आणि चार बळाचा एक, असे दोन. पाच आणि पाच एकमेकांना निष्प्रभ करतात; चाराचे बळ उरते. मॅग्नेटाइटचे सारे चुंबकत्व म्हणजे हे उरलेले चार. हेमॅटाइटमध्ये दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या असतात, म्हणून दोरी जागची हलत नाही. नेएल यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवरचा भाग खनिजाच्या मोठ्या तुकड्याचा झाला. खरी गंमत तुकडा लहान करत गेल्यावर सुरू होते.

मोठ्या तुकड्यात सगळे अणुचुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे नसतात. त्यांचे प्रांत पडलेले असतात. एका प्रांतातील सगळे एका दिशेला, शेजारच्या प्रांतातील दुसऱ्या दिशेला, आणि दोहोंमध्ये एक सीमाभिंत. ही भिंत उभारायला ऊर्जा लागते. मोठ्या वाड्यात भिंती घालून खोल्या पाडणे परवडते. दहा फुटांच्या खोलीत कोणी भिंत घालत नाही. तसेच इथे. मॅग्नेटाइटचा कण ऐंशी-शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की त्याला भिंत परवडेनाशी होते आणि संपूर्ण कण एकच प्रांत बनतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. दहा नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइटच्या कणात जेमतेम एकवीस हजार लोह-अणू मावतात, आणि ते सगळे एकजुटीने, एका मोठ्या चुंबकासारखे वागतात.

अशा एकप्रांती कणाला स्फटिकाच्या रचनेमुळे काही दिशा सोयीच्या असतात आणि काही गैरसोयीच्या. सोयीच्या दिशा म्हणजे दऱ्या समजा आणि मधल्या गैरसोयीच्या दिशा म्हणजे डोंगर. कणाचे चुंबकत्व एका दरीत विसावलेले असते. दुसऱ्या दरीत जायचे तर डोंगर ओलांडला पाहिजे. ढकलायला कोणी नसले तरी एक शक्ती सतत धक्के देत असते: उष्णता. या खोलीतल्या तापमानालाही प्रत्येक कण सारखा हिंदकळत असतो. डोंगर उंच असेल तर हे धक्के वाया जातात. तो ठेंगणा असेल तर चुंबकत्व सहज पलीकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. आणि या डोंगराची उंची ठरते कणाच्या घनफळावरून. कण लहान तर डोंगर बुटका.

या विचाराला गणिताचा नेमकेपणा दिला तोही नेएल यांनीच, १९४९ साली. त्यांचे सूत्र मी फळ्यावर लिहीत नाही, कारण पालकांपैकी काहीजण उठून जातील अशी मला भीती वाटते. पण त्या सूत्रातून निघणारे आकडे सांगण्याचा मोह आवरत नाही. मॅग्नेटाइटचे सर्वसाधारण गुणांक आणि खोलीचे तापमान घेऊन केलेला हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षातील कणांचा आकार आणि पृष्ठभाग यांनुसार आकडे मागेपुढे होतात, पण त्यांची चढण बदलत नाही. दहा नॅनोमीटरचा कण आपली दिशा सेकंदाला सुमारे वीस कोटी वेळा बदलतो. वीस नॅनोमीटरचा कण एकेका दिशेला सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकून राहतो. पंचवीसचा कण दोन-अडीच मिनिटे टिकतो. आणि तीसचा? सुमारे सहाशे वर्षे! म्हणजे ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या मधल्या काळात ज्याने दिशा धरली, तो कण ती दिशा आज सोडण्याच्या बेतात असेल.

व्यास दहाचा तीस झाला, तिप्पट. घनफळ सत्तावीस पट झाले. आणि स्मरणशक्ती निमिषाच्याही अंशापासून शतकांपर्यंत गेली. पंचवीस आणि तीस यांत फरक आहे तो अवघ्या पाच नॅनोमीटरचा. मिनिटे आणि शतके यांच्यामधली सीमा त्या पाचांत बसते. भौतिकशास्त्रात इतक्या थोडक्या जागेत इतका मोठा पालट घडवणारी गोष्ट मला तरी दुसरी चटकन आठवत नाही.

ज्याला स्मरण नाही अशा लहान कणांच्या वागण्याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. शब्द लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. बाहेरून चुंबक जवळ आणला की असे सगळे कण झटकन एका दिशेला तोंड करतात आणि जोराने ओढले जातात. चुंबक दूर नेला की क्षणात सगळे विसरतात. एकमेकांना चिकटून राहत नाहीत, गोळा होत नाहीत. जणू काही घडलेच नव्हते.

इथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. वीस नॅनोमीटरचा कण चुंबक आहे की नाही? उत्तर असे की, तुम्ही किती वेळ पाहता त्यावर ते अवलंबून आहे. साध्या चुंबकमापकाला एक मोजणी करायला काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंतचा वेळ लागतो. तेवढ्यात हा कण हजारो वेळा वळलेला असतो आणि यंत्र सांगते, चुंबकत्व शून्य. मॉसबाउअर वर्णपटमापन नावाची दुसरी पद्धत आहे. तिची नजर सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाएवढी चपळ असते. तिला तोच कण एका दिशेला स्थिर उभा दिसतो आणि ती सांगते, हा पक्का चुंबक आहे. दोन्ही यंत्रे खरे बोलत असतात. कण थंड केला की उष्णतेचे धक्के मंदावतात, आणि मग एका ठरावीक तापमानाखाली संथ यंत्रालाही तो चुंबक म्हणून दिसू लागतो.

ही मोजमापे करण्यासाठी आता परदेशी जावे लागत नाही, हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. आपल्या इंदूरमध्येच खंडवा रस्त्यावर विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त संशोधन केंद्र आहे, आणि तिथे मॉसबाउअरपासून अतिशीत तापमानातील चुंबकमापनापर्यंतच्या सोयी देशभरातील संशोधकांना खुल्या आहेत. राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनही याच शहरात आहे. इथल्या मुलांना ही नावे रेल्वेस्थानकाच्या नावाइतकी परिचित असायला हवीत. तशी ती नाहीत, याची खंत वाटते.

लहान कणांची आणखी एक अडचण सांगतो आणि पुढे जातो. दहा नॅनोमीटरच्या गोळ्याची वरची एक नॅनोमीटर जाडीची साल काढली, तर साधे गणित सांगते की जवळजवळ निम्मे घनफळ सालीतच गेले. या सालीतील अणूंना एका बाजूला शेजारीच नसतात, त्यामुळे त्यांची शिस्त बिघडते. मायकेल कोई यांनी १९७१ साली मॅगहेमाइटच्या सूक्ष्म कणांत हे दाखवून दिले. म्हणूनच नॅनोकणांचे चुंबकत्व त्याच खनिजाच्या मोठ्या तुकड्याच्या मानाने, वजनास वजन, कमी भरते. हे कण बनवणे मात्र फार कठीण नाही. लोहाचे दोन प्रकारचे क्षार एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया ओतला की डोळ्यांदेखत काळाभोर साका तयार होतो. कण बनवणे हा अर्ध्या तासाचा खेळ आहे. सगळे एकाच मापाचे बनवणे हा मात्र अनेकांच्या आयुष्याचा उद्योग होऊन बसतो. मगाचचे आकडे आठवले तर का, ते लक्षात येईल.

आता विसरणाऱ्या कणांचा उपयोग काय? २०२० साल आठवा. नाकातून काडी घालून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जात असे आणि आपण घरी अहवालाची वाट पाहत बसत असू. त्या नमुन्यात विषाणूचे आरएनए असेल तर ते नगण्य प्रमाणात, आणि भोवती सगळा चिखल: पेशी, प्रथिने, श्लेष्मा. त्यातून आरएनए वेगळे काढल्याशिवाय पुढची तपासणी होत नाही. अनेक प्रयोगशाळांत हे काम चुंबकीय मण्यांनी केले. साधारण एक सहस्रांश मिलीमीटर आकाराचा मणी, त्याच्या पोटात लोहऑक्साइडचे असंख्य नॅनोकण, आणि वर सिलिकाचे वेष्टन. योग्य क्षारांच्या द्रावणात आरएनए या सिलिकाला चिकटते. मग नळीच्या बाहेरून चुंबक लावायचा. मणी भिंतीशी गोळा होतात, आणि बाकीचा चिखल ओतून द्यायचा. चुंबक काढायचा, मणी पुन्हा द्रवात मोकळे पसरतात, त्यांना धुवायचे. पुन्हा चुंबक, पुन्हा धुणे. शेवटी शुद्ध आरएनए वेगळ्या द्रवात उतरवून घ्यायचे. एका वेळी शहाण्णव नमुन्यांवर यंत्र हे करू शकते.

या सगळ्याचा प्राण कशात आहे, पाहा. मण्यांनी चुंबकाला लगेच साद दिली पाहिजे हे तर आहेच, पण चुंबक काढल्यावर त्यांनी तो विसरला पाहिजे. मणी आठवण ठेवणारे असते तर पहिल्याच फेरीनंतर एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला असता आणि धुणे अशक्य झाले असते. म्हणून मणी मोठा, पण त्याच्या पोटातला प्रत्येक कण विसराळू मापाचा, अशी योजना असते. एकसारख्या मापाचे मणी बनवण्याची कला नॉर्वेतील योन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात साधली, आणि पुढे त्यांत लोहऑक्साइड भरले गेले. त्या वेळी कोणाच्या मनात महासाथ नव्हती.

वैद्यकातील दुसरे उदाहरण यकृताचे. एमआरआय चित्रणात असे कण जिथे साठतात तिथला भाग काळवंडतो. रक्तात सोडलेले कण यकृतातील काही विशिष्ट पेशी गिळून टाकतात, कारण परके कण टिपणे हे त्यांचे कामच असते. गाठीत मात्र अशा पेशी बहुधा नसतात. परिणामी निरोगी यकृत काळे होते आणि गाठ उजळ उठून दिसते. या उपयोगाचे एक औषध अमेरिकेत १९९६ साली मान्य झाले होते; पुढे त्याचे उत्पादन थांबले. त्याच कुळातले दुसरे, फेरुमॉक्सिटॉल, २००९ साली मान्य झाले, आणि तेही मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने होणाऱ्या लोहन्यूनतेवर, म्हणजे साध्या अर्थाने शिरेतून दिलेले लोह म्हणून. त्याच्यावर २०१५ साली तीव्र ॲलर्जीविषयी कडक इशारा छापण्याची सक्ती झाली. कण सूक्ष्म आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे असे नाही, हे सांगण्यासाठी मी हा तपशील देतो. प्रत्यावर्ती चुंबकक्षेत्राने कण तापवून गाठ नष्ट करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मेंदूतील गाठींसाठी अशा एका उपचाराला युरोपात २०१० साली मान्यता मिळाली, पण तो अजून सर्रास वापरात आलेला नाही.

जाता जाता एक. चुंबकावरून नेलेले पाणी, चुंबकीय कडे, आणि आता नॅनो हा शब्द चिकटवलेली काहीबाही चूर्णे आपल्या शहरातही विकली जातात. पाण्याला चुंबक ओढत नाही, किंचित दूरच सारतो. आपल्या रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये एकएकटे बसलेले असते. तिथे ना प्रांत, ना रस्सीखेच, ना कण. तेव्हा ते पैसे मुलांच्या पुस्तकांवर खर्च करावेत.

विसरणाऱ्यांविषयी एवढे पुरे. आता आठवण ठेवणाऱ्यांकडे वळू.

नेएल यांनी १९४९ साली ते सूत्र मांडले तेव्हा त्यांच्यासमोर ना एमआरआय होते, ना मणी. त्यांच्यासमोर भाजलेल्या विटा आणि थिजलेला लाव्हा होता. भट्टीत तापलेली वीट थंड होताना तिच्यातले लोहऑक्साइडचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून बसतात आणि शतकानुशतके ती सोडत नाहीत, हे ठाऊक होते. कारण हवे होते. ते कारण आता आपल्यालाही माहीत आहे. तापलेल्या अवस्थेत कण विसराळू असतो. थंड होताना एका क्षणी डोंगर त्याला ओलांडवेनासा होतो आणि त्या क्षणाची दिशा त्याच्यात कोंडली जाते.

आणि आता आपल्या पायाखाली पाहा. ही शाळा ज्या पठारावर उभी आहे ते माळव्याचे पठार आणि सह्याद्रीचे कडे एकाच प्रचंड लाव्हाच्या उद्रेकांतून झाले आहेत, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज पेशवाईत दक्षिणेतून निघून नर्मदा ओलांडून इथे आले, तेव्हा त्यांना पाया घालायला तोच काळा दगड मिळाला जो ते मागे सोडून आले होते. या दगडात मॅग्नेटाइट आणि त्याचे टायटॅनियममिश्रित प्रकार विखुरलेले आहेत. त्यांतले मोठे कण भरवशाचे नाहीत. त्यांचे प्रांत सहज सरकतात. अगदी लहान कण विसराळू. मधल्या मापाचे कण मात्र लाव्हा थिजला त्या दिवसाची साक्ष आजही जशीच्या तशी देतात.

ती साक्ष घेण्याचे काम १९५०च्या दशकात झाले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दक्खनच्या दगडांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. १९५९ साली डॉइच यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी अधिक सविस्तर काम पुढे आणले. पद्धत तत्त्वतः साधी आहे. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तसतशी अधिकाधिक कलते; उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. दगडातील कणांचा कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. उत्तर असे आले की हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, थिजला होता. इंदूर आज २२ अंश उत्तरेच्या थोडे पलीकडे आहे. म्हणजे हा सगळा प्रदेश, आपल्या पायाखालच्या दगडासह, पाच हजार किलोमीटरांहून अधिक उत्तरेकडे सरकला आहे; सरासरीने वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर. भूखंडे सरकतात हे त्या काळात अनेक नामवंत भूवैज्ञानिकांना मान्य नव्हते. दक्खनचा दगड त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. लाव्हाच्या पुष्कळ थरांत तर दिशा पूर्ण उलटी सापडते, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकक्षेत्रच उलटे होते.

काही जिवाणूंनाही हे योग्य माप ठाऊक आहे. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली अमेरिकेतील दलदलीच्या चिखलात असे जिवाणू वर्णिले, जे पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ बाळगतात आणि होकायंत्रासारखे वळतात. त्या कणांचे माप साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर. विसराळूपणाची सीमा संपते तिथे सुरुवात, आणि प्रांत पडू लागतात तिथे शेवट. नेएल यांचे सूत्र न शिकता!

आणि आता ग्रंथालयातले ते कपाट. लोहऑक्साइडच्या कणांचे स्मरण माणसाने सर्वाधिक वापरले ते ध्वनिफितीत. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर मॅगहेमाइटच्या सुईसारख्या कणांचा लेप, आणि प्रत्येक सुईला दोनच दिशा सोयीच्या. फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली १९६३ साली, म्हणजे ती आपल्या शाळेच्याच पिढीतली. एका सेकंदाला फीत पावणेपाच सेंटीमीटर पुढे सरकते; तासाभराच्या कॅसेटमध्ये पंच्याऐंशी-शहाऐंशी मीटर फीत असते. बाईंनी हजेरी घेताना उच्चारलेले एखादे नाव तीन-चार सेंटीमीटरांत मावते. जुनी कॅसेट ऐकताना कधी कधी शब्दाच्या आधीच त्याचा पुसटसा पडसाद ऐकू येतो, हे काहींनी अनुभवले असेल. तो दोष लेपातील सर्वांत लहान कणांचा. ते विसराळूपणाच्या सीमेवर असतात, म्हणून गुंडाळीत वरच्या थरावर असलेल्या आवाजाची दिशा हळूहळू उचलतात. मोठे कण ठाम राहतात.

शाळेच्या त्या कपाटात स्नेहसंमेलनांच्या, गणेशोत्सवातील व्याख्यानांच्या आणि निरोपसमारंभांच्या कॅसेटी आहेत. जे गुरुजन आज आपल्यात नाहीत त्यांचे आवाज तिथे आहेत. माझ्या हिशेबाने त्यांतील चुंबकीय कणांना पुढची कित्येक शतके काही होणार नाही. धोका कणांना नाही. कणांना पट्टीवर धरून ठेवणारा डिंकासारखा थर दमट हवेत मऊ पडतो आणि सुटू लागतो. पावसाळ्यात बुरशी धरते. फितीला दाबून धरणारी नमद्याची चकती गळून पडते. आणि वाजवणारी धड यंत्रे वर्षागणिक कमी होत आहेत. आठवण शाबूत, पण ती सांगणारे तोंड बंद होत चालले आहे, अशी ही अवस्था आहे.

समितीने या सर्व फिती संगणकावर उतरवून घेण्याचे ठरवले आहे आणि त्या कामात मी हातभार लावणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, कपाटाच्या खणात अशा कॅसेटी पडल्या असतील, ज्यांच्यावर शाळेतले कोणी ना कोणी बोलते आहे. त्या कृपया कार्यालयात आणून द्याव्यात. आणण्यापूर्वी घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहण्याचा मोह टाळावा. सुटू लागलेला लेप यंत्रात एकदा खरवडला गेला की तो परत बसवता येत नाही. फीत तुटली असेल तर चिकटपट्टी लावू नये, चकती निघाली असेल तर तशीच राहू द्यावी. ती फीत नव्या डब्यात घालता येते. कॅसेट ध्वनिवर्धकाच्या चुंबकाशेजारी ठेवू नये. पिशवीवर वर्ष आणि प्रसंग लिहावा, आणि बोलणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही.